पहिला प्रोग्राम: आधी फक्त पायथन बसवा

दिवाळीच्या सुट्टीत भाची कराडला आमच्याकडे आली ती दादाचा जुना लॅपटॉप घेऊन. ४ जीबी रॅम, विंडोज १०. कुणीतरी तिला व्हीएस कोड, गिट, ॲनाकोंडा अशा सॉफ्टवेअरची लांबलचक यादी लिहून दिली होती. आठवडाभर ती नुसतं डाउनलोड करत बसली होती, प्रोग्रामची एक ओळ अजून लिहिली नव्हती. मी ती यादी बाजूला ठेवली. सुरुवातीला एकटं पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, पुरतं. लिहायचा एडिटर त्याच्याबरोबरच येतो, त्याचं नाव आयडल.

पायथन डॉट ओआरजी याच साइटवरून घ्या. डाउनलोड्समध्ये विंडोज निवडा आणि यादीतला ६४-बिटचा विंडोज इन्स्टॉलर उतरवा. लॅपटॉपवर विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढचं पायथन त्यावर चालत नाही, तेव्हा ३.८ च शोधा.

इन्स्टॉलर उघडला की लगेच बटण दाबू नका. पहिल्याच पडद्यावर तळाशी ‘ॲड पायथन टू पाथ’ अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यावर आधी टिक करा. पाथ म्हणजे प्रोग्राम शोधायला विंडोजनं कुठकुठल्या फोल्डरांत डोकवायचं त्याची यादी. भाचीनं टिक केली नव्हती. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजला हुकूम टाइप करून द्यायच्या काळ्या खिडकीत, पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं आणि ती घाबरली, “मावशी, आता हे विकत घ्यायचं का?” काही विकत घ्यायचं नसतं. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ‘मॉडिफाय’ निवडा, मग ‘नेक्स्ट’ दाबा आणि पुढच्या पडद्यावर ‘ॲड पायथन टू एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’वर टिक करा. मग कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करून नवी उघडा. जुन्या खिडकीला हा बदल कळत नाही.

आता स्टार्ट मेन्यूतून आयडल उघडा. तीन बाणांची खूण दिसते तिथं प्रोग्राम लिहायचा नाही. फाइल मेन्यूतून ‘न्यू फाइल’ घ्या. प्रिंट हा शब्द इंग्रजी स्मॉल अक्षरांत लिहा, कंस उघडा, अवतरणचिन्हांत नमस्कार लिहा, कंस बंद करा. फाइल स्वतः केलेल्या एका फोल्डरमध्ये ‘पहिला’ अशा साध्या नावानं, इंग्रजी अक्षरांत सेव्ह करा. रँडम किंवा टर्टल हे नाव मात्र देऊ नका. ती पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलची, म्हणजे त्याच्याबरोबर येणाऱ्या तयार कोडची, नावं आहेत. पुढं ते मॉड्यूल मागवलंत की पायथन तुमचीच फाइल उचलतं. मग एफ ५ दाबा.

पहिला शब्द मराठीच असावा असा माझा आग्रह आहे. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड बदलता येतो. पण कंस, अवतरणचिन्हं आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच घ्या. वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधून ओळ चिकटवली तर अवतरणचिन्हं बाकदार येतात आणि पायथन ती नाकारतं. ५ + ३ देवनागरीत लिहिलं तरी एरर येते. नावांचं मात्र तसं नाही: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती साठवायच्या डब्याचं, नाव देवनागरीत चालतं. भाचीनं ‘आजी’ नावाचं व्हेरिएबल केलं, त्यात आजीचं नाव भरलं आणि लॅपटॉप उचलून थेट स्वयंपाकघरात दाखवायला नेला.

एरर आली तर लाल मजकुरातली शेवटची ओळ आधी वाचा. काय चुकलं ते तिथं असतं आणि ओळीचा क्रमांक तिच्या जरा वर.

चाललं की आणखी एक करून बघा. या वेळी तीन बाणांच्या खुणेपुढंच, लांबी मोजणाऱ्या लेन (एल-ई-एन) या फंक्शनला प्रिंटसारखाच कंसात आणि अवतरणचिन्हांत नमस्कार हा शब्द द्या. आपण न, म, स्का, र अशी चार अक्षरं मोजतो, पायथन ७ सांगतं. न, म, स, पाय मोडल्याची खूण, क, काना, र.