मुंबईत मागे राहिलेल्यांची कथा कशी लिहावी

प्रभू विश्वासणाऱ्यांना वर घेऊन जाईल आणि उरलेल्यांवर सात वर्षांचे महासंकट येईल, या कल्पनेवर कथा लिहिणाऱ्याने आधी तिचा आधार वाचावा. मेघारूढ होऊन घेतले जाण्याचे वचन बायबलातील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात आहे, सात वर्षांचा हिशेब दानीएलाच्या ९व्या अध्यायातून काढला जातो, आणि महासंकटाआधीच मंडळी, म्हणजे विश्वासणारे, उचलली जाईल ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकांनी १८३०च्या दशकात रुजवली. कॅथलिक चर्च ती शिकवत नाही. त्यामुळे गोराईच्या कॅथलिक बाईला हे सारे नवे असेल, तर भायखळ्याच्या प्रार्थनासभेला जाणाऱ्या तिच्या मैत्रिणीला क्रम तोंडपाठ असेल.

वैमानिक नाहीसे होऊन विमाने कोसळण्याचा अमेरिकी कथांतला थाट मुंबईला लावू नये. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत आणि कथेच्या नियमानुसार त्यांतलेही सगळे जाणार नाहीत. म्हणजे पहिल्या दिवशी शहराला पत्ताही लागणार नाही, आणि लेखकाने नेमके हेच वापरावे. (लहान मुले सरसकट नेण्याची प्रथा या प्रकारच्या कथांत आहे. ती पाळली, तर शहर तासाभरात ठप्प होईल आणि कथा निराळीच होईल.) लोकलचा मोटरमन नाहीसा झाला तरी गाडी कुठे आदळत नाही, कारण हँडलवरचा दाब सुटताच ब्रेक आपोआप लागतात. गाडी माटुंगा आणि शीवच्या मध्ये उभी राहते, लोक रेल्वेला शिव्या घालतात, काही जण उड्या मारून रुळांवरून चालू लागतात, आणि गार्ड पुढे येऊन केबिन उघडतो तेव्हा आत जेवणाचा डबा आणि चष्मा तेवढा असतो.

खरी कथा त्यानंतर सुरू होते. बायको पोलीस ठाण्यात मिसिंग नोंदवते; हवालदार विचारतो, घरात भांडण झाले होते का? पगडीच्या खोलीची भाडेपावती नवऱ्याच्या नावावर आहे आणि मृत्यूचा दाखला मिळत नाही. सात वर्षे ठावठिकाणा न लागलेला माणूस मृत मानावा, हा १८७२च्या पुरावा कायद्यातला नियम २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. महासंकटाची सात वर्षे आणि कायद्याची सात वर्षे शेजारी ठेवली की कथानक जवळजवळ आपोआप उभे राहते.

प्रकटीकरण या बायबलातील शेवटच्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायातली खूण, म्हणजे उजव्या हातावर किंवा कपाळावर घ्यावी लागणारी श्वापदाची खूण, मात्र आधार कार्डावर ढकलू नये. वाचक ते दहा पाने आधीच ओळखतो. खुणेवाचून विकत घेता येत नाही, तसे विकताही येत नाही. म्हणून ससून डॉकवर लिलावातून मासळी उचलणाऱ्या कोळणीची अडचण गिऱ्हाइकाच्या अडचणीइतकीच मांडावी.

शेवटी कालगणना कागदावर मांडावी. प्रकटीकरणात ४२ महिने म्हणजे १२६० दिवस, अर्थात महिना ३० दिवसांचा. सात वर्षांचे २५२० दिवस होतात आणि आपल्या दिनदर्शिकेपेक्षा ते सुमारे ३७ दिवसांनी कमी भरतात. शिवाय ही मोजणी माणसे नाहीशी झाल्यापासून होत नसून ख्रिस्तविरोधक, म्हणजे महासंकटात सत्ता गाजवणारा ख्रिस्ताचा शत्रू, सात वर्षांचा करार करतो तेव्हापासून सुरू होते. करार त्याच दिवशी झाला, तर कोर्टाची मुदत भरण्याआधी महासंकट संपून प्रभू परत येतो. करार दोन महिन्यांनी झाला, तर त्या बाईच्या हाती आधी कोर्टाचा हुकूम पडू शकतो. यांतले काय घडणार, हे पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी ठरवावे.