स्कोअर ०.९ आला, पण कशाच्या जोरावर?

जिवाणूंच्या वाहतूक-प्रथिनांवर प्रोजेक्ट मिळाला की गाइड बहुधा सांगतात, ‘आधी स्ट्रिंगवर (प्रथिनांमधले संबंध दाखवणारा ऑनलाइन डेटाबेस) बघ, कोण कोणाशी जोडलंय.’ प्रथिनाचं नाव टाकताच रेघांचं जाळं समोर येतं, प्रत्येक रेघेला ० ते १ मधला स्कोअर असतो आणि नवखा विद्यार्थी सगळ्यात मोठा आकडा धरून प्रयोग आखायला बसतो. तो आकडा ‘संबंध खरा असावा’ एवढंच सांगतो. प्रथिनं एकमेकांना चिकटतात का आणि किती घट्ट, हे त्यात नसतं.

माझं ऐकाल तर पहिला आठवडा ई. कोलायच्या एकाच पंपावर घालवा. अ‍ॅक्र-बी आतल्या पटलात, टॉल-सी बाहेरच्या पटलात, मधल्या जागेत, म्हणजे पेरिप्लाझमात, अ‍ॅक्र-ए. तिघं मिळून प्रतिजैविकं पेशीबाहेर फेकतात. उत्तर माहीत आहे, म्हणून अंदाज कुठे चुकतो ते दिसतं. अ‍ॅक्र-ए आणि अ‍ॅक्र-बीची जनुकं एकाच ओपेरॉनमध्ये (एकत्र चालू-बंद होणाऱ्या शेजारच्या जनुकांचा गट), त्यामुळे ‘शेजार’ या पुराव्यावर जोडी लगेच सापडते. टॉल-सीचं जनुक मात्र दूर आहे, कारण ते इतर पंपांनाही बाहेरचं दार पुरवतं. शेजारच्याच दुसऱ्या जनुकाचं अ‍ॅक्र-आर हे प्रथिन तर पंपाचा भागच नाही. ते डीएनएला धरून अ‍ॅक्र-एबीची जनुकं दाबतं. तरी रेघ येतेच. म्हणून ‘फक्त प्रत्यक्ष जोडणी’ हा पर्याय निवडून जाळं पुन्हा काढा.

स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूवर काम असेल तर आणखी जपून. तिथे मेक्स-ए, मेक्स-बी आणि ओपीआर-एम या एका पंपाच्या तीन भागांची जनुकं एकाच ओपेरॉनमध्ये, पण पीएओ१ या प्रकारात मेक्स-एक्सवाय पंप दुसऱ्या ओपेरॉनचा ओपीआर-एम वापरतो. एकसारख्या पंपांच्या गर्दीत कोणाचा जोडीदार कोण, हे साम्यावरून काढलेल्या रेघा सांगू शकत नाहीत.

मग येतं अल्फाफोल्ड, प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारं मॉडेल. आयपीटीएम (जोडणीच्या अंदाजावरचा विश्वास सांगणारा आकडा) ०.८ च्या वर गेला की लोक खूश होतात, पण या मॉडेलला पटल माहीतच नसतं. अ‍ॅक्र-ए पेशीद्रव्याच्या बाजूने चिकटलेलं दिसलं तर आकडा कितीही देखणा असो, मॉडेल टाकून द्या.

प्रयोगाचीही तीच गत. यीस्टच्या नेहमीच्या टू-हायब्रिडमध्ये (दोन प्रथिनं जुळतात का ते तपासणारी चाचणी) जोडी केंद्रकात भेटावी लागते; पटलातली प्रथिनं तिथे जातच नाहीत. जिवाणूंवरच्या टू-हायब्रिडमध्ये डांग्या खोकल्याच्या जिवाणूच्या अ‍ॅडेनिलेट सायक्लेजचे दोन तुकडे पेशीद्रव्यात जुळावे लागतात, तेव्हाच निळा रंग येतो. अ‍ॅक्र-बीची दोन्ही टोकं आत असतात, तिथे चालतं. अ‍ॅक्र-ए पेरिप्लाझमात असतं, त्यामुळे ही जोडी या पद्धतीने तपासता येत नाही, आणि ‘निळा रंग आला नाही’ यावरून काहीच ठरत नाही.

निळा आला तरी, आतल्या पटलातलंच पण असंबंधित प्रथिन, उदाहरणार्थ माल-एफ, सोबत लावून बघा. पटलात गर्दी झाली की अनोळखीही जुळल्यासारखे दिसतात.