म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरत असतील तर

कुत्रं दहा-बारा वर्षांचं झालं की घरातली गुळगुळीत फरशी त्याला नको नको करते. व्हिट्रिफाइड टाइल्सवर उठताना मागचे पाय फाकतात, दुखरे सांधे आणखी ताणले जातात आणि मग बिचारं उठायचंच टाळतं. आपल्याला वाटतं, आळशी झालंय!

त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि पुढे दारापर्यंत जुन्या योगा मॅट सलग अंथरा. नुसती सतरंजी नको, ती पायाखालून सरकते. मग पंजा उचलून खालून बघा. पंजाखालच्या मऊ गाद्यांच्या मधले केस बाहेर आले असतील तर गाद्यांच्या पातळीपर्यंत कापा, कारण पकड त्या गाद्यांचीच असते. चालताना नखं टकटक वाजत असतील तर तीही वाढली आहेत. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून अगदी थोडं थोडंच कापा.

जिना चढताना पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे टॉवेल घालून हलका आधार द्या.

आणि कितीही कळवळा आला तरी आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते. वेदनेचं औषध पशुवैद्यांनाच विचारा.