गुडघा चालवायचा, पण मापात

‘‘बाई, गॅप संपलाय. आता जिना चढायचा नाही, फार चालायचं नाही.’’ पाच वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडाला धरून मला हे सांगण्यात आलं. गॅप म्हणजे सांध्यातल्या दोन हाडांमधली जागा. मी सोलापुरात युनिफॉर्म शिवते, जन्म पायमशीनवर गेला. ऐकलं आणि सहा महिने पलंगावर काढले. गुडघा दुखायचा थांबला नाहीच, वर मांडी अशी वाळली की उठताना दाराची चौकट धरावी लागायची. मग एका फिजिओथेरपिस्ट पोरीनं जे शिकवलं, ते सांगते.

आधी आतलं समजून घ्या. हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. चालताना ती दाबली जाते, सुटते, आणि सांध्यातल्या पाण्यातून तिला पोषण मिळतं. म्हणजे मी बसून राहून तिला उपाशीच ठेवत होते की! शिवाय गुडघ्याचा हा संधिवात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) म्हणजे नुसती झीज नाही, असं आता संशोधक मानतात. सांध्याच्या अस्तराची सूज, खालचं हाड, स्नायू, सगळं त्यात असतं. म्हणूनच एक्स-रे वाईट असून ठणठणीत चालणारी माणसं दिसतात, आणि उलटंही.

आता व्यायाम. सोलापुरी टॉवेलाची घट्ट गुंडाळी करा. पाय लांब करून बसा, गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघा तिच्यावर दाबा. टाच किंचित उचलली जाईल. तळहात मांडीवर ठेवून बघा, वाटीच्या वरचा भाग कडक लागला पाहिजे. मऊच लागला तर तुम्ही कंबरेनं ढकलताय. मीही आठवडाभर तेच करत होते. मनात ५ मोजा, सोडा. १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास कोंडायचा नाही.

हे जमलं की भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा. धपकन बसू नका, खरी मेहनत हळू बसण्यातच आहे. ३० सेकंदांत किती होतात ते कॅलेंडरवर लिहा. माझे पहिल्या दिवशी ४ झाले, तिसऱ्या महिन्यात ११.

दुखणारच. दहापैकी पाचाच्या आत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत नेहमीवर आलं, तर चालू ठेवा. नाही आलं तर माप निम्मं करा, बंद करू नका. मात्र गुडघा लाल, गरम होऊन ताप आला किंवा मध्येच अडकला, तर थेट डॉक्टर.

चालायला मी होम मैदानावर जाते, उन्हाळ्यात साडेसहाच्या आत परत. वजनाचं गणित मला अमेरिकेतल्या २००५च्या एका अभ्यासातून कळलं: १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. शेंगा चटणीवर तेलाची धार धरताना हे आठवतं. चटणी सोडलेली नाही.

पैशाचं बोलायचं तर महागड्या पावडरीत माझे बरेच बुडाले. त्यात असतात त्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा १,५८३ रुग्णांवरचा मोठा अभ्यास २००६ साली आला, एकंदरीत नकली गोळीहून फारसा फरक नाही. दुर्बिणीनं सांधा धुणं २००२ च्या चाचणीत कातडीला नुसती चीर देऊन केलेल्या खोट्या ऑपरेशनइतकंच ठरलं. स्टेरॉइडचं इंजेक्शन तात्पुरता आराम देतं, पण २०१७च्या चाचणीत दोन वर्षं दर तीन महिन्यांनी घेणाऱ्यांची कूर्चा जास्त घटली आणि दुखणं सलाइन टोचलेल्यांइतकंच राहिलं. वेदनाशामक गोळीच्या आधी डायक्लोफेनॅकचं जेल विचारा, पोट आणि किडनी वाचते. सांधा बदलणं वाईट नाही, पण रात्रीची झोप आणि रोजचं चालणं गेलं असेल तेव्हा.

जिन्याला एक सूत्र पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

मशीनला आता मोटर बसवलीय. दर अर्ध्या तासानं उठते आणि काजं-बटणं कटिंगच्या टेबलाशी उभ्यानं करते.