तालुक्यात शिक्षकांचा अभ्यासगट उभा करायचा असेल तर

मी केज तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमच्याकडे दोनशिक्षकी शाळाच जास्त. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असला की शिक्षक दोनच. त्यातले एक सर मीटिंगला गेले की शिकवताना अडलेलं विचारायचं कुणाला? यासाठी आपल्याआपल्यात सभासदांचा गट हवा.

सुरुवातीला आठ-दहा जण पुरे. भाषण चांगलं करणाऱ्यांपेक्षा ‘माझ्या वर्गात हे जमत नाही’ असं मोकळेपणी सांगणारे आधी घ्या. बदली, पेन्शन हे विषय महत्त्वाचेच, पण ते संघटनेत मांडा. इथे एकदा निघाले की अख्खी दुपार त्यातच जाते. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना आधी भेटून कल्पना द्या.

वर्गणी ठेवाच, वर्षाला २०० रुपये का असेना. त्यातून झेरॉक्स, चहा आणि पाहुण्यांचं एसटी भाडं निघतं. हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा.

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी जमा, दर वेळी वेगळ्या शाळेत. नियम एकच आणि तो कडक पाळा: प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाची वही आणायची. आमच्या एका बैठकीत आलेल्या वहीत ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलेलं होतं. ‘हातचा विसरला,’ असं बहुतेकांचं मत पडलं. एका बाईंनी मात्र खालची गणितं पाहिली. ६१ वजा ३८ बरोबर ३७, ४३ वजा १९ बरोबर ३६. पोरगं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत होतं. त्याच्या लेखी ५२ म्हणजे पाच आणि दोन, पन्नास आणि दोन नव्हेच. मग हातच्याचा नियम घोकून घेऊन काय होणार? त्याला चिपाडाच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले, एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या मोजायला लावल्या, आणि उभी मांडणी काही दिवस बाजूला ठेवली. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पीपीटीवर हे कळत नाही. वही हातात लागते.

आपल्या भागातला दुसरा मोठा प्रश्न ऊसतोडीचा. दिवाळीनंतर मुलं आईबापांसोबत कारखान्यावर जातात. जाताना शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते कार्ड) द्याच, शिवाय मूल कुठवर वाचतं, कोणती गणितं येतात हे अर्ध्या पानावर लिहून सोबत द्या. सांगली-कोल्हापूरकडचे दोन-तीन शिक्षक गटाचे सभासद करून घ्या. तिथल्या गुरुजींना थेट फोन करता येतो, ही सोय फार मोलाची आहे.

बाहेरचं मार्गदर्शन लागलं तर बीड जिल्ह्याची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, अंबाजोगाईला आहे. मुलांच्या वाचन-लेखनावर खोलात जायचं असेल तर पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेचं काम पाहा. २००७ पासून ही संस्था याच क्षेत्रात आहे. तज्ज्ञांना नुसतं ‘या’ म्हणू नका, साचलेल्या वह्यांचे फोटो आधी पाठवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण सांगितलंय. गटाच्या बैठका त्यात धरता येतील का, हे डाएटला लेखी विचारा.

नोंदणीची घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान ७ सभासद लागतात, पण पुढे धर्मादाय कार्यालयाचे कागद आणि दरवर्षीचं ऑडिट मागे लागतं. मोठी देणगी घ्यायची नसेल तर वर्गणीची वही आणि बैठकीची टिपणं एवढ्यावर काम चालतं.