छायाचित्राचे रसग्रहण लिहायला शिकताना

छायाचित्रांवर लिहू पाहणाऱ्या नवोदितांना मी पहिले काम एकच देतो: चौकटीत जे दिसते तेवढेच एका परिच्छेदात लिहावे, आणि ‘बोलके’, ‘विदारक’, ‘हृदयस्पर्शी’ ही वर्तमानपत्री विशेषणे तूर्त दूर ठेवावीत. या सरावासाठी अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेले ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) हे छायाचित्र फार उपयोगी पडते. सरकारी कामासाठी काढलेले असल्यामुळे ते आणि त्याच वेळच्या इतर चौकटी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात असून मोठ्या आकारात विनामूल्य पाहता येतात.

हनुवटीपाशी टेकलेली बोटे, विरलेली बाही, पाठमोरी दोन मुले आणि कॅमेऱ्याला टाळून दूर लागलेली नजर एवढे नोंदवून झाले की मग दुरून घेतलेली चौकट उघडावी. तिच्यात तंबू दिसतो, मोकळी जमीन दिसते आणि थोरली मुलगीही दिसते. प्रसिद्ध चौकटीत यांपैकी जवळजवळ काहीच उरलेले नाही, आणि मुलांचे चेहरे फिरवलेले असल्यामुळे पाहणाऱ्याची नजर आईखेरीज कुठेच ठरत नाही. ही निवड कशी घडली हे दाखवता आले की रसग्रहणाला खरी सुरुवात होते.

या प्रसिद्ध चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा होता, जो १९३९ च्या सुमारास निगेटिव्हवरच पुसट करण्यात आला. कलाछायाचित्रात याला कोणी हरकत घेणार नाही, परंतु जे चित्र पुरावा म्हणून पुढे येते त्याच्या बाबतीत प्रश्न उरतोच. माझ्या मते मात्र अंगठ्यापेक्षा फोटोओळ अधिक गंभीर आहे: तिच्यात बाईचे वय आणि मुलांची संख्या आहे, नाव नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये. त्या चेरोकी वंशाच्या होत्या आणि या प्रसिद्धीतून आपल्याला काहीच मिळाले नाही, अशी त्यांची तक्रार होती.

याउलट अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांची १९३० मधील ‘पेपर नंबर ३०’ (पेपर म्हणजे ढोबळी मिरची) पाहा. पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेल्या त्या ढोबळ्या मिरचीची संमती कोणी विचारत नाही, त्यामुळे समीक्षकाला वक्रांवरून सरकणारा प्रकाश, काळ्याच्या छटा आणि प्रिंटचा दर्जा यांवरच लिहावे लागते. (हे छापील पुस्तकातून नीट कळत नाही, संधी मिळाल्यास मूळ प्रिंट पाहावी.)

पुढचा अभ्यास मालिकेचा असावा. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांवरील काम घेतले, तर सुट्या चित्रावर निकाल देण्याची सवय आपोआप मोडते, कारण तिथे चित्रांचा क्रम तपासावा लागतो आणि छायाचित्रकार त्या माणसांच्या किती जवळ उभा आहे, हेही पाहावे लागते.