डीओ कॉलेजच्या पहिल्या वर्षात संशोधनाचं काम कसं मिळवायचं

अमेरिकेत डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) म्हणजे पूर्ण डॉक्टर. औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात आणि २०२० पासून एमडी (तिथली दुसरी डॉक्टरी पदवी) आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला, एकच मान्यता व्यवस्था आहे. पण बऱ्याच डीओ कॉलेजांना स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलं वेगवेगळ्या गावांतल्या हॉस्पिटलांत विखुरतात. शेजारच्याच इमारतीत प्रयोगशाळा आणि तिथे हाताखाली घेणारे प्राध्यापक, अशी सोय प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. काम आपण शोधून काढावं लागतं, आणि नीट शोधलं तर ते सापडतं.

आधी गरज किती ते बघा

कॉमलेक्स लेव्हल वन (डीओंची) आणि यूएसएमएलई स्टेप वन या डॉक्टरी परवान्याच्या दोन्ही परीक्षांत २०२२ पासून फक्त पास-नापास कळतं. रेसिडेन्सीच्या निवडीत मार्कांवर उठून दिसायची एक जागा गेली, म्हणून संशोधनाची चर्चा वाढली. फॅमिली मेडिसिनला जायचं असेल तर त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नका. त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी मनात असेल तर मात्र लवकर लागा. रेसिडेन्सीच्या जागा जुळवून देणाऱ्या एनआरएमपी या संस्थेच्या ‘चार्टिंग आउटकम्स’ अहवालात डीओ विद्यार्थ्यांचे आकडे वेगळे दिलेले असतात, ते वाचा. वाचून घाबरू नका, कारण त्यातल्या संशोधनाच्या आकड्यात ॲबस्ट्रॅक्ट (गोषवारा), परिषदेतलं पोस्टर आणि पेपर सगळं एकत्र मोजलेलं असतं. एकाच कामाचं पोस्टर झालं, मग पेपर झाला, तर नोंदी दोन होतात.

ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झाल्या झाल्या धावत सुटू नका. ॲनॅटॉमीची पहिली परीक्षा होऊ द्या. एखादा विषय राहिला तर त्याचं नुकसान कुठल्याही पेपरने भरून निघत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास शोध सुरू केला तरी पुरेसा वेळ असतो.

विषय नंतर, माणूस आधी

पबमेड हे वैद्यकीय पेपर शोधायचं संकेतस्थळ उघडा. ॲफिलिएशन (लेखकाची संस्था) हा रकाना निवडून आपल्या कॉलेजचं नाव टाका आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे पेपर बघा. कोणाचं नाव वारंवार शेवटी येतं ते लिहून ठेवा, बहुधा तेच त्या कामाचे प्रमुख असतात. मग पहिलं नाव कोणाचं आहे ते तपासा. ते कॉलेजच्याच विद्यार्थ्यांचं निघालं तर हे सर किंवा मॅडम मुलांना खरंच काम देतात आणि श्रेयही देतात. विषय आवडीचा नसला तरी अशी व्यक्ती निवडावी, हे माझं ठाम मत आहे. पहिल्या कामात काम कसं करायचं ते शिकायचं असतं, आवडीचा विषय पुढे मिळतो.

ओएमएम (ऑस्टिओपॅथिक मॅनिप्युलेटिव्ह मेडिसिन) विभागाला विसरू नका. तिथलं हाताने करायच्या उपचारांवरचं संशोधन ही डीओ विद्यार्थ्याची घरची जमीन आहे आणि तिथे गर्दी कमी असते. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला जुनाट कंबरदुखीच्या ४५५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. या क्षेत्रात मोठं आणि शिस्तीचं काम होऊ शकतं हे त्यातून दिसतं.

कॉलेजात काही जमलं नाही तर बाहेर बघा. एनआयएच (संशोधनाला अनुदान देणारी सरकारी आरोग्य संस्था) हिच्या रिपोर्टर या संकेतस्थळावर शहराचं नाव टाकलं की तिथे कोणाला कशासाठी अनुदान मिळालंय ते दिसतं. त्याहून सोपी वाट म्हणजे जवळच्या हॉस्पिटलातले रेसिडेंट. त्यांना प्रशिक्षणाचा भाग म्हणून अभ्यासपूर्ण काम करावंच लागतं आणि वेळ अजिबात नसतो. केस पेपर चाळून माहिती तक्त्यात भरणारा विश्वासू विद्यार्थी त्यांना हवाच असतो.

ईमेल

लांबलचक आत्मचरित्र कोणी वाचत नाही. इंग्रजीत पण एवढंच लिहा: ‘डॉक्टर अमुक, मी आपल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. गुडघेदुखीवरचा आपला पेपर वाचला. त्यात सहा महिन्यांनंतरचा पाठपुरावा अनेक रुग्णांचा झाला नाही असं आपण लिहिलंय, त्यावर पुढे काही काम चालू आहे का? मला आठवड्याला चार तास देता येतील. सिटीचं प्रशिक्षण झालंय. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं भेटू शकाल का?’

पेपर खरंच वाचलेला असला पाहिजे, कारण भेटीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. तास कमी सांगा, पण सांगितलेले पाळा. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढच्या व्यक्तीकडे वळा. सिटी म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचं ऑनलाइन नीतिनियम प्रशिक्षण. बहुतेक कॉलेजांत ते विद्यार्थ्यांना फुकट असतं, म्हणून ईमेल पाठवायच्या आधीच उरकून टाका.

भेटीत हे विचारायला संकोचू नका: आयआरबीची (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिनियम समितीची) परवानगी आलीय का? माहिती गोळा झालीय का? लेखकांचा क्रम कसा ठरेल? परवानगीच आलेली नसेल तर पहिले काही आठवडे, कधी महिनेही, वाट बघण्यात जातात.

कोणतं काम घ्यावं

जुन्या केस पेपरांवरचा अभ्यास आणि केस रिपोर्ट (एखाद्या वेगळ्या रुग्णावरचा छोटा लेख) ही पहिल्या वर्षाला पेलणारी कामं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे पेपर शोधून केलेला आढावा, घरबसल्या होतो म्हणून मोहात पाडतो, पण हजारो ॲबस्ट्रॅक्ट दोघांनी स्वतंत्रपणे चाळावे लागतात आणि अनुभवी मार्गदर्शक नसेल तर काम मध्येच अडकतं. आकडेमोडीची आवड असेल तर सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेचा एनहेन्स हा आरोग्य सर्वेक्षणाचा साठा सर्वांना मोफत खुला आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षामधली उन्हाळ्याची सुट्टी ही सलग कामाची सगळ्यात मोठी संधी. त्या सुट्टीतल्या संशोधन कार्यक्रमांचे अर्ज बहुधा हिवाळ्यातच बंद होतात, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत अर्ज तयार ठेवा. जाहिरातीत डीओचा उल्लेख नसेल तर स्वतःहून बाद होऊ नका, ईमेल करून विचारा. भारतातून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी आणखी एक बघायचं. एनआयएचच्या प्रशिक्षण अनुदानातून मिळणारं मानधन सहसा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतं. कॉलेजबाहेर पगारी काम घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्या.

पैसे घेऊन पेपरवर नाव घालून देणारे भेटतील. ‘आदरणीय संशोधक’ म्हणत आठवड्यात छापून देणारी नियतकालिकंही ईमेल पाठवतील. दोघांनाही हात लावू नका, आई-वडिलांनीही मुलासाठी असा सौदा करू नये. रेसिडेन्सीच्या अर्जात प्रत्येक पेपर पाठवलाय, स्वीकारलाय की प्रसिद्ध झालाय ते लिहावं लागतं. मुलाखतीत समोरचा डॉक्टर त्यातलाच एक उचलून विचारतो, ‘यातलं तुम्ही नेमकं काय केलंत?’ म्हणून पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये तारीख, केलेलं काम आणि मार्गदर्शकाचं नाव लिहीत जा.